पहाटे सहाचा हिशेब : एक्सेलचं काम ठरल्या वेळी आपोआप कसं चालवायचं

देवगडच्या बाजूला आमची आंब्याची पॅकिंग शेड आहे. मार्च ते मे रोज संध्याकाळी पेट्या भरून गाडी वाशीला निघते. रात्री दहाच्या सुमाराला मी एक्सेलमध्ये नोंद चढवते : कोणाच्या बागेतून चार डझनी किती, पाच डझनी किती, सहा डझनी किती. त्यातून बागायतदारवार गोषवारा काढायचा, त्याची पीडीएफ करायची आणि सकाळी सातच्या आत ग्रुपवर टाकायची. पूर्वी हे मी पहाटे उठून हाताने करायचे. आता पहाटे सहाला संगणकच गोषवारा काढून ठेवतो. मी चहा घेताना आकडे नजरेखालून घालते आणि पाठवते.

ज्यांना एक्सेल येतं पण मॅक्रो, शेड्युलर हे शब्द फक्त कानावरून गेलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पतपेढीत बसणारे, होमस्टेचं बुकिंग सांभाळणारे, काजूच्या फॅक्टरीत हजेरी ठेवणारे, मच्छीमार सोसायटीत डिझेलचा हिशेब लिहिणारे, सगळ्यांना हे जमेल. मेनूंची आणि कोडची नावं स्क्रीनवर इंग्रजीत असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करायची.

सुरुवातीलाच माझी एक चूक सांगते, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यातून ठरला. पहिल्या वर्षी मी काम लावलं, दोन दिवस नीट चाललं आणि मी त्याच्याकडे बघणं सोडलं. एप्रिलात वळवाच्या वाऱ्याने सलग तीन रात्री लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, फाइल जागेवर होती, पण काम चाललंच नाही. पीडीएफचं नाव रोज एकच असायचं, त्यामुळे फोल्डरमध्ये जी होती ती, म्हणजे जुनीच, मी न बघता पाठवत राहिले. तिसऱ्या दिवशी एका काकांचा फोन आला, "काल पण ह्योच आकडो, आज पण ह्योच. गाडी गेली नाय काय?" स्क्रीनवर कुठे सूचना नव्हती, लाल अक्षर नव्हतं. न चाललेलं काम गप्प बसतं, ओरडून सांगत नाही. म्हणून आता मी आधी काम हाताने बरोबर होतं का ते बघते, मग ते झालं की नाही हे कळायची सोय करते, आणि वेळ सगळ्यात शेवटी लावते.

आधी मॅक्रो

मॅक्रो म्हणजे तुम्ही एक्सेलमध्ये केलेल्या हालचालींची नोंद. ती पुन्हा चालवली की त्याच हालचाली त्याच क्रमाने होतात. यामागची भाषा, व्हीबीए, एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे. जुनी आहे, पण ऑफिस-दुकानातल्या कामाला आजही पुरते.

एक फोल्डर थेट सी ड्राइव्हवर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. माझं आहे "हिशेब". डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. ते बऱ्याच संगणकांवर वनड्राइव्हला जोडलेले असतात, आणि मग फाइलचा पत्ता मॅक्रोला वेगळाच दिसतो. फाइल सेव्ह करताना प्रकार "मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक" निवडा. साध्या एक्सएलएसएक्स प्रकारात मॅक्रो राहत नाही.

रेकॉर्ड करण्याआधी नोंदीच्या कोष्टकात कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे त्याचं टेबल होईल. ही पायरी गाळू नका. टेबल नसेल तर मॅक्रो "दुसऱ्या ओळीपासून सत्त्याऐंशीव्या ओळीपर्यंत" असं पाठ करून ठेवतो, आणि उद्या एकशेवीस ओळी झाल्या की खालच्या बागायतदारांचा आंबा हिशेबातून गळतो. टेबलावर पिव्होट (बागायतदारवार बेरजा काढणारं एक्सेलचं गोषवाऱ्याचं कोष्टक) बांधला की ओळी वाढल्या तरी तो सगळ्या घेतो. पिव्होटमध्ये तारखेला डेट फिल्टर लावून "यस्टरडे" निवडा. तो फिल्टर रोज रिफ्रेश झाला की स्वतःच पुढे सरकतो.

मग व्ह्यू टॅबमध्ये मॅक्रोज, त्यात रेकॉर्ड मॅक्रो. नाव इंग्रजी अक्षरांत द्या, मी "गोषवारा" ठेवलं. आता घाई न करता काम करा : गोषवाऱ्याच्या शीटवर जा, पिव्होट रिफ्रेश करा, पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करा. मग स्टॉप रेकॉर्डिंग. ऑल्ट आणि एफ ८ दाबून तोच मॅक्रो तीन वेळा चालवून बघा, मध्ये एकदा फाइल बंद करून पुन्हा उघडून.

मराठी नावांचा घोळ

तुमच्या शीटचं नाव "नोंद" असं देवनागरीत असेल, तर इथे बहुतेक अडकाल. ऑल्ट आणि एफ ११ दाबून कोडची खिडकी उघडा. रेकॉर्ड झालेल्या ओळीत "नोंद"च्या जागी चार प्रश्नचिन्हं दिसतील. कोडची ती खिडकी देवनागरी सांभाळू शकत नाही. मॅक्रो चालवला की "सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज" अशी ९ क्रमांकाची चूक येते, कारण प्रश्नचिन्हांच्या नावाचं शीट कुठेच नसतं.

म्हणून शीटचं मराठी नाव बदलायची गरज नाही. बागायतदार ते वाचणार आहेत, ते मराठीतच असू दे. कोडच्या खिडकीत डावीकडे त्या शीटवर क्लिक करा आणि एफ ४ दाबा. प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यात वर, कंसात नेम लिहिलेली ओळ असते, ते शीटचं आतलं नाव. तिथे इंग्रजी अक्षरांत "नोंद" लिहा. मग कोडमध्ये "शीट्स, कंसात प्रश्नचिन्हं" एवढा तुकडा खोडून त्या जागी हे आतलं नाव घाला. बाहेरचं नाव पुढे कोणी बदललं तरी मॅक्रो मोडत नाही.

पीडीएफच्या नावात तारीख हवीच. गोषवाऱ्याच्या शीटवर एका कडेच्या सेलमध्ये, समजा एच १ मध्ये, एक सूत्र लिहा जे फोल्डरचा पत्ता, तारीख आणि शेवटी पीडीएफ हे शेपूट जोडून पूर्ण नाव तयार करेल. तारखेसाठी टेक्स्ट आणि टुडे ही फंक्शनं, रूप वर्ष-महिना-दिवस. टुडेमधून एक वजा करायला विसरू नका : पहाटे सहाला तारीख आजची लागते, आंबा मात्र कालचा असतो. मग कोडमध्ये "एक्स्पोर्टॲजफिक्स्डफॉरमॅट" या ओळीत अवतरणचिन्हांत जे जुनं नाव आहे, ते अवतरणांसकट खोडून तिथे लिहा :

रेंज("एच१").व्हॅल्यू

आता रोजची फाइल वेगळी होते आणि जुनी फाइल चुकून पाठवली जात नाही. शिवाय काम एका दिवसात दोनदा चाललं तरी तीच फाइल पुन्हा लिहिली जाते, बिघडत काही नाही. तुमचा मॅक्रो कुठे ओळी वाढवत असेल, रोजची बेरीज महिन्याच्या शीटला जोडत असेल, तर मात्र आजची ओळ आधीच आहे का हे त्याने तपासलंच पाहिजे. नाहीतर हिशेब दुप्पट होईल.

दुसरी फाइल, जी फक्त चालवायचं काम करते

फाइल उघडली की मॅक्रो चालावा अशी सोय एक्सेलमध्ये आहे, पण ती मूळ हिशेबाच्या फाइलला लावू नका. तसं केलंत तर रात्री नोंद करायला फाइल उघडली तरी गोषवारा सुटेल. वेगळी छोटी फाइल करा, तीही मॅक्रो-एनेबल्ड, नाव "चालक". तिच्या कोडच्या खिडकीत डावीकडे "थिसवर्कबुक"वर डबल क्लिक करा आणि वरच्या डाव्या यादीतून "वर्कबुक" निवडा. "वर्कबुक ओपन"ची चौकट आपोआप तयार होते. तिच्या आत हे :

ऑन एरर गोटू चूक
ओपन "सी:\हिशेब\नोंदवही.टीएक्सटी" फॉर अपेंड ॲज #१
प्रिंट #१, नाऊ, "सुरू"
ॲप्लिकेशन.डिस्प्लेअलर्ट्स = फॉल्स
वर्कबुक्स.ओपन "सी:\हिशेब\आंबा.एक्सएलएसएम"
ॲप्लिकेशन.रन "आंबा.एक्सएलएसएम!गोषवारा"
वर्कबुक्स("आंबा.एक्सएलएसएम").क्लोज ट्रू
प्रिंट #१, नाऊ, "संपलं"
क्लोज #१
ॲप्लिकेशन.क्विट
एक्झिट सब
चूक:
प्रिंट #१, नाऊ, एरर.डिस्क्रिप्शन
क्लोज #१
ॲप्लिकेशन.क्विट

शेवटून तिसऱ्या ओळीतला "एरर" कोडमध्ये ई, आर, आर एवढाच लिहायचा, पहिल्या ओळीतला मात्र पूर्ण. "चूक" हे फक्त खुणेचं नाव आहे, इंग्रजी अक्षरांत काहीही ठेवा, दोन्हीकडे तेच. नोंदवहीत लिहायचे "सुरू" आणि "संपलं" हे शब्दही इंग्रजी अक्षरांतच, कारण वर सांगितलेली प्रश्नचिन्हांची अडचण इथेही आहे.

या सगळ्यात माझा जीव नोंदवहीवर आहे. रोज दोन ओळी पडतात. दोन्ही आहेत, तर काम झालं. "सुरू" आहे आणि "संपलं" नाही, तर मध्ये अडकलं. आजची एकही ओळ नाही, तर काम सुरूच झालं नाही, म्हणजे दोष मॅक्रोत नसून वेळेच्या मांडणीत किंवा लाइटीत आहे. ती नोंदवही मुद्दाम साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली आहे, कारण एक्सेलची फाइलच उघडली नाही तर तिच्या आतल्या शीटवर कोण काय लिहिणार? "ऑन एरर"ची पहिली ओळही तेवढीच महत्त्वाची. ती नसेल तर पहाटे सहाला स्क्रीनवर चुकीची चौकट उघडते आणि कोणी ओके दाबेपर्यंत तशीच राहते.

चालक फाइल दुरुस्तीसाठी उघडायची असेल तर आधी एक्सेल उघडा, मग फाइल मेनूतल्या ओपनमधून शिफ्ट दाबून धरून ती उघडा. शिफ्ट धरलं की मॅक्रो सुटत नाही.

आता परवानगी. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये ट्रस्ट सेंटर, त्यात ट्रस्टेड लोकेशन्स, तिथे आपलं "हिशेब" फोल्डर जोडा. पुष्कळ जण सरसकट सगळे मॅक्रो चालू करून मोकळे होतात. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. मग ईमेलवरून आलेल्या कुठल्याही फाइलमधला मॅक्रो तुमच्या हिशेबाच्या संगणकावर चालू शकतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, ती याच धोक्यामुळे. फाइल खरोखर आपल्याच माणसाने पाठवली असेल, तर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक करता येतं.

वेळ लावणं

स्टार्टमध्ये शोधून टास्क शेड्युलर उघडा. ठरल्या वेळी कामं सुरू करणारा हा प्रोग्रॅम विंडोजमध्येच असतो. उजवीकडे "क्रिएट टास्क". शेजारचं "बेसिक" वापरू नका, त्यात पुढच्या महत्त्वाच्या खुणा दिसत नाहीत.

जनरलमध्ये नाव द्या आणि "रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन" राहू द्या. दुसरा पर्याय जास्त पक्का वाटतो, पण एक्सेल हा समोर माणूस बसलाय असं धरून बनवलेला प्रोग्रॅम आहे. लॉग-इन नसताना पडद्यामागे तो भरवशाने चालत नाही, आणि मायक्रोसॉफ्टही तसं चालवू नका असंच सांगते. रात्री संगणक लॉक करा, साइन आउट करू नका. लॉक असताना काम चालतं.

ट्रिगर्समध्ये न्यू, डेली, सहा वाजता. तिथेच खाली "एक्स्पायर"ची तारीख असते. आंब्याचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर नको असतं, मी तीच तारीख घालते. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे सोसायटीवाल्यांनी सुरुवातीची तारीख १ ऑगस्ट ठेवली की झालं.

ॲक्शन्समध्ये प्रोग्रॅम म्हणून एक्सेलचा, म्हणजे एक्सेल.ईएक्सई या फाइलचा, पूर्ण पत्ता द्यायचा, आणि आर्ग्युमेंट्सच्या रकान्यात आधी तिरकी रेघ आणि एक्स, मग जागा सोडून चालक फाइलचा पत्ता अवतरणचिन्हांत. ती तिरकी रेघ आणि एक्स गाळू नका. त्यामुळे एक्सेल स्वतंत्रपणे सुरू होतो. नाहीतर तुमचं दुसरं काही एक्सेलमध्ये उघडं असेल, तर शेवटची "क्विट"ची ओळ तेही न विचारता बंद करेल, आणि सेव्ह न केलेलं जाईल. आंब्याची मूळ फाइल मात्र झोपण्याआधी बंद करायचीच. उघडी राहिली तर चालकाला ती फक्त वाचायला मिळते.

लाइट

आपल्याकडच्या माणसाने कंडिशन्स आणि सेटिंग्ज हे दोन टॅब सगळ्यात नीट बघायला हवेत. माझ्या तीन रात्री इथेच गेल्या होत्या.

कंडिशन्समध्ये "स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर" या ओळीपुढे आधीच टिक असते. म्हणजे लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला, की ठरल्या वेळी काम सुरूच होत नाही. ती टिक काढा. तिच्याखालची, बॅटरीवर गेल्यास काम थांबवणारी टिकही काढा. डेस्कटॉप घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याला बॅटरीचं काही कळत नाही, पण यूएसबी वायरने जोडलेला यूपीएस असेल तर विंडोज त्यालाही बॅटरीच समजतं. तिथेच "वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क"वर टिक करा. त्याने झोपलेला संगणक उठतो, पूर्ण बंद केलेला नाही.

सेटिंग्जमध्ये "रन टास्क ॲज सून ॲज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड" ही टिक आधी नसते, ती करा. सहाला संगणक बंद होता आणि तुम्ही साडेसातला लॉग-इन केलंत, तर राहिलेलं काम मग होतं. लगेच नाही, साधारण दहा मिनिटांनी. चालत नाही म्हणून घाबरून हाताने सुरू करू नका, जरा थांबा. आणि काम तीन दिवस चाललं तर थांबव, असं जे आधीपासून असतं ते बदलून एक तास करा. तुमच्या यादीत एक तास नसेल तर टाइप करता येतो.

डेस्कटॉप असेल तर आणखी एक गोष्ट : लाइट परत आली की संगणक आपोआप चालू व्हावा अशी सोय बऱ्याच मशीनच्या बायोसमध्ये असते. संगणक दुरुस्तीवाल्याकडून ती एकदा लावून घ्या.

चाललं का?

यादीत कामावर राइट क्लिक, रन. मग "लास्ट रन रिझल्ट" बघा. ०एक्स० म्हणजे ठीक, ०एक्स२ म्हणजे पत्ता चुकला, फाइल सापडली नाही. ०एक्स४१३०१ म्हणजे अजून चालूच आहे, आणि ०एक्स४१३०३ म्हणजे अजून एकदाही चाललेलं नाही. उजवीकडे "एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी" दाबून ठेवा, इतिहास आधी बंद असतो. पण शेड्युलरचं "ठीक" म्हणजे एक्सेल उघडून बंद झालं एवढंच. हिशेब बरोबर झाला का, ते नोंदवही आणि पीडीएफच सांगतात.

पाठवायचं काम मी जाणूनबुजून आपोआप केलेलं नाही. लोकांच्या वर्षाच्या कमाईचे आकडे आहेत, ते माणसाच्या नजरेखालून जायलाच हवेत.

याच वाटेने बॅकअप

शेड्युलर एक्सेलपुरता नाही, कुठलाही प्रोग्रॅम चालवतो. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा सीझन अजून संपायचा होता, आणि घरांवरची कौलं उडत असताना हिशेबाच्या मशीनची काळजी कोणी केली नव्हती. आता रात्री अकराला दुसरं काम चालतं : प्रोग्रॅम "रोबोकॉपी", आर्ग्युमेंट्समध्ये "हिशेब" फोल्डरचा पत्ता आणि मग पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचा. रोबोकॉपी म्हणजे फाइलींच्या प्रती उतरवणारा प्रोग्रॅम, तो विंडोजमध्येच असतो. त्याच्या बाबतीत ०एक्स१ हा निकाल दिसला तर दचकू नका. इथे त्याचा अर्थ फाइली नीट उतरल्या असा आहे, आणि ०एक्स० म्हणजे उतरवण्यासारखं नवीन काही नव्हतं. पेन ड्राइव्ह आठवड्यातून एकदा दुसऱ्या घरात ठेवायला द्या.

जुन्या मार्गदर्शकांत चालक फाइलीऐवजी व्हीबीस्क्रिप्टची छोटी फाइल सुचवलेली दिसेल. ती आज चालते, पण मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट मोडीत काढायचं जाहीर केलं आहे. नव्याने शिकणाऱ्याने त्यात हात घालू नये.

संगणक बंदच असतो त्यांच्यासाठी

लाइटीचा अजिबातच भरवसा नसेल, किंवा नोंद बागेतूनच मोबाइलवर होत असेल, तर मी सरळ गुगल शीट्स सुचवेन. तिथे काम गुगलच्या मशीनवर चालतं, तुमच्या घरात अंधार असला तरी. एक्स्टेन्शन्स मेनूत मॅक्रो रेकॉर्ड करा, मग त्याच मेनूतून ॲप्स स्क्रिप्ट उघडा, डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावर जा आणि ॲड ट्रिगर. टाइम-ड्रिव्हन, डे टायमर, सहा ते सात. त्या तासात ते कधीतरी चालतं, ठीक सहाला नाही. एका वेळी सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही, आपल्या गोषवाऱ्याला तेवढं खूप झालं. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये वेळ भारताची आहे ना, ते बघा. आणि चूक झाल्यास ईमेल कधी पाठवायचा याचा पर्याय ट्रिगरमध्येच असतो, तो "इमिजिएटली" करा. देवनागरी नावांचा घोळ इथे होत नाही. रेंज नसलेल्या वाडीत मात्र नोंदच चढत नाही, म्हणून आमच्या शेडमध्ये अजून एक्सेलच आहे.

सीझन संपला की काम डिलीट करू नका. त्यावर राइट क्लिक करून "डिसेबल" करा, आणि "एक्स्पोर्ट"ने त्याची एक फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढच्या मार्चला मशीन बदललं असलं तरी "इम्पोर्ट" केलं की सगळ्या टिका जशाच्या तशा येतात. फक्त जनरलमध्ये नव्या मशीनवरचा यूजर निवडा, एक्सेलचा पत्ता एकदा तपासा, ट्रिगरच्या तारखा पुढच्या वर्षाच्या करा, आणि पहिली पेटी भरायच्या आदल्या दिवशी हाताने एकदा रन करून नोंदवहीत दोन ओळी पडल्या का ते बघा.